व्यक्तिमत्त्वाच्या कसोट्या: जन्म कुठे, वापर कुठे

सुपारी_अडकित्ता

नोकरी बदलण्याच्या धाग्यावर परवा तिघांनी एकमेकांना "तू आयएनटीजे आहेस ना, मग सेल्समध्ये जाऊ नकोस" छापाचे सल्ले दिले. (आयएनटीजे म्हणजे मायर्स-ब्रिग्ज प्रश्नावलीतून मिळणारा चार अक्षरी शिक्का.) तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे थोडी मास्तरकी होईल. सांभाळून घ्या.

पाठ्यपुस्तकात व्यक्तिमत्त्वाचे सिद्धान्त रांगेत उभे असतात: फ्रॉइड, युंग, ऑलपोर्ट, कॅटेल, आयझेंक, रॉजर्स, बांडुरा. त्यातल्या दोघांची तुलना करा, गुण दहा. ही मंडळी कुठे बसून आणि कोणाकडे बघून विचार करत होती, हे मात्र कोणी विचारत नाही. माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे.

फ्रॉइडकडे व्हिएन्नात येणारे लोक आधीच गांजलेले असत. कोचावर पडून बोलणारा माणूस बोलता बोलता काय लपवतो, यावर त्याचा डोळा. त्यामुळे इदम् (आंधळ्या वासना), अहम् (व्यवहार बघणारा मी) आणि पराहम् (आतला नैतिक पहारेकरी) ही १९२३ सालची मांडणी भांडणाचीच निघाली. त्याच्या तीन वर्षं आधी, १९२० मध्ये, बावीस वर्षांचा गॉर्डन ऑलपोर्ट त्याला भेटायला गेला होता. आत गेल्यावर फ्रॉइड गप्प. काहीतरी बोलायचं म्हणून ऑलपोर्टनं येताना ट्राममध्ये दिसलेल्या एका मुलाची गोष्ट काढली. चारेक वर्षांचं पोर, घाणीचा इतका धसका की मळका माणूस शेजारी बसू नये म्हणून भुणभुण लावलेली, आणि आई अगदी कडक इस्त्रीची. फ्रॉइडनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, तो मुलगा म्हणजे तूच का? ऑलपोर्टनं ही आठवण स्वतः लिहून ठेवली आहे. आत खोल शिरायच्या आधी वर जे दिसतंय ते तरी बघा, हा त्यानं त्यातून घेतलेला धडा.

मग त्यानं काय केलं, तर शब्दकोश उघडला. १९३६ साली ऑडबर्टला बरोबर घेऊन वेबस्टरच्या कोशातून माणसाचं वर्णन करणारे सुमारे १८,००० शब्द वेचले. त्यात टिकाऊ स्वभाव सांगणारे साडेचार हजारांच्या आसपास. हिशेब असा की माणसांमाणसांतला जो फरक रोजच्या व्यवहारात महत्त्वाचा, त्याला बोलीत शब्द असणारच. कॅटेलनं ही यादी गाळून, घटक विश्लेषण करून (म्हणजे एकमेकांबरोबर हलणाऱ्या शब्दांचे गणितानं गठ्ठे पाडून) १६ गुण काढले आणि १९४९ मध्ये त्यावरची प्रश्नावली आणली. इतरांनी तसलाच माल पुन्हा दळला तर पाचच निघाले. १९६१ साली अमेरिकी हवाई दलातल्या ट्यूप्स आणि क्रिस्टल यांनाही पाचच मिळाले होते. तो अहवाल कित्येक वर्षं कोणी फारसा वाचलाच नाही. पुढे १९८१ मध्ये गोल्डबर्गनं 'बिग फाइव्ह' हे नाव दिलं, आणि कोस्टा व मॅक्रे यांच्या २४० विधानांच्या प्रश्नावलीमुळे ते जगभर पोचलं. बहिर्मुखपणा, भावनिक अस्थिरता, नव्याची ओढ, काटेकोरपणा, आणि दुसऱ्याशी जुळवून घेण्याची वृत्ती. आज संशोधनात हेच चलनी नाणं आहे. पण हे पाच शब्दांच्या ढिगातून निघालेत. माणूस असा का आहे, याचं उत्तर त्यात शोधू नका.

तिसरी जागा दवाखाना. मिनेसोटा विद्यापीठाच्या रुग्णालयात हॅथवे आणि मॅकिन्ली यांनी १९४३ मध्ये एमएमपीआय ही मानसिक आजार ओळखायची प्रश्नावली छापली. ही माझी सगळ्यात लाडकी कसोटी, कारण ती करणाऱ्यांना सिद्धान्ताची पडलेलीच नव्हती. शेकडो विधानं घेतली, रुग्णांना विचारली आणि त्यांना भेटायला आलेल्या नातेवाइकांना विचारली. ज्या विधानावर दोन गटांची उत्तरं वेगळी आली ते ठेवलं. विधान रोगाबद्दल आहे असं वाटतं की नाही, याच्याशी देणंघेणं नाही. शिवाय त्यात खोटं पकडायच्या पट्ट्या घातल्या. मला कधीच राग येत नाही, मी कधीच कोणाची चहाडी केली नाही, असं ओळीनं म्हणत जाणारा संत तरी असतो नाहीतर आपल्याला बनवत असतो. संत कमी असतात.

आणि चौथी जागा म्हणजे घर. कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स, दोघींचंही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण नाही. युंगचं १९२१ चं पुस्तक वाचून आई भारावली. दुसऱ्या महायुद्धात नव्यानं कामाला लागणाऱ्या लोकांना आपल्या स्वभावाजोगं काम मिळावं म्हणून मुलीनं प्रश्नावली रचायला घेतली, तीच मायर्स-ब्रिग्ज. हेतू चांगलाच होता. पण युंगनं स्वतः कोणाला पक्क्या खोक्यांत बसवलं नव्हतं. इथे चार जोड्या, प्रत्येकीतून एक अक्षर, एकूण १६ खोकी.

आता गंमत. मॅक्रे आणि कोस्टा यांनी १९८९ मध्ये ही चार अक्षरं आपल्या पाच गुणांशी ताडून बघितली. चार गुणांशी बऱ्यापैकी जुळली. गळाला कोणता गुण? भावनिक अस्थिरता. तुम्ही चटकन घाबरता, मनाला लावून घेता, हे सांगणारी एकही अक्षरजोडी त्यात नाही. म्हणूनच ही प्रश्नावली पार्टीत चालते आणि कोणी रुसत नाही.

जाणकारांनी भर घालावी, चुका काढाव्यात.

निवांत_नाना

लेख आवडला, पण ताई, तुम्ही चार अक्षरांना फारच धोपटलंत. मी तीस वर्षं एचआरमध्ये काढली. उत्पादन आणि वित्त विभागातली दोन माणसं एका टेबलावर येऊन एकमेकांशी धड बोलत नसत. ट्रेनिंगमध्ये एकाला कळलं की दुसरा आधी आकडे मागतो तो खवचटपणा नाही, त्याची विचार करायची तऱ्हा आहे. पुढचे सहा महिने मीटिंगा शांततेत झाल्या. आता याला शास्त्र म्हणा की नका म्हणू.

सुपारी_अडकित्ता

नाना, गप्पांना विषय म्हणून माझी ना नाही. त्यावर बढती किंवा बदली ठरवू नका इतकंच. ती प्रश्नावली विकणारे स्वतःच सांगतात की भरतीसाठी वापरू नये. तुमच्याकडे कोणी वापरली नाही?

निवांत_नाना

यावर मी गप्प बसतो.

(आणि डिस्क या दुसऱ्या स्वभाव-प्रश्नावलीचं काय? आमच्याकडे ती जास्त चालायची.)

सुपारी_अडकित्ता

डिस्कच्या मुळाशी मार्स्टनचं १९२८ चं पुस्तक आहे. रक्तदाबावरून खोटं ओळखायची कल्पना लावणारा तोच, आणि कॉमिक्समधली वंडर वूमन निर्माण करणाराही तोच. वंडर वूमनच्या हातात खरं बोलायला लावणारा दोर असतो, तो कुठून आला ते आता कळलं असेल. प्रश्नावली मात्र त्याची नाही, नंतर इतरांनी केली.

आकडेमोड

खोक्यांबद्दल थोडं गणित टाकतो. बहिर्मुखपणा उंचीसारखाच पसरलेला असतो: बहुतेक लोक मध्ये, टोकाला थोडे. आता रेघ मारायची म्हटली तर ती नेमकी मध्यावर मारावी लागते, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त गर्दी तिथेच. ५१ गुणवाला 'ई' (बहिर्मुख) आणि ४९ वाला 'आय' (अंतर्मुख). दोघं एकमेकांच्या शेजारी, पण शिक्के उलटे. आणि ५१ वाला व ९० वाला एकाच खोक्यात. कुठल्याही प्रश्नावलीत दोनचार गुणांची चूक असतेच, त्यामुळे महिन्याभरानं परत दिली की मधल्या लोकांचं अक्षर फिरतं. अशा चार रेघा आहेत, म्हणजे निदान एक अक्षर बदलण्याची शक्यता किती वाढते बघा. गुण तसेच आकड्यात ठेवले असते तर निम्मी बोंब झाली नसती.

भरवस्तीतला_साधू

मला एक कळत नाही. मी ऑफिसात मुखदुर्बळ, ट्रेकला गेलो की बडबडी मैना. बायको म्हणते घरी तिसराच माणूस असतो. मग माझं 'व्यक्तिमत्त्व' कुठलं म्हणायचं? अशी काही वस्तू असते हेच मला पटत नाही.

सुपारी_अडकित्ता

साधूबुवा, तुमच्या बाजूनं वॉल्टर मिशेल आहे. १९६८ साली त्यानं पुस्तक लिहून या क्षेत्राला सुरुंगच लावला. प्रश्नावलीतला गुण आणि माणसाचं प्रत्यक्ष एखाद्या प्रसंगातलं वागणं यांचा सहसंबंध (शून्य म्हणजे काही नातं नाही, एक म्हणजे तंतोतंत) ०.३० च्या वर क्वचित जातो, हा त्याचा मुद्दा. म्हणजे प्रसंगच जास्त बोलतो. त्यानंतर वर्षानुवर्षं भांडण चाललं.

बारावा_गडी

पण एका प्रसंगावरून ठरवायचंच कशाला? एका डावातल्या शून्यावरून फलंदाज जोखत नाहीत, सरासरी बघतात.

सुपारी_अडकित्ता

हेच उत्तर सेमूर एप्स्टाइननं १९७९ मध्ये आकड्यांनिशी दिलं. एका दिवसाचं वागणं दुसऱ्या दिवसाशी जेमतेम जुळतं, पण बरेच दिवस एकत्र केले की चित्र बरंच स्थिर होतं. तेव्हा बहिर्मुखपणाचा आकडा साधूबुवा उद्या सकाळी दहाच्या मीटिंगला बोलतील की नाही हे सांगणार नाही. वर्षभरात एकूण किती बोलतील, याचा अंदाज देईल. मिशेलनंही नंतर असंच काहीसं सुचवलं: प्रत्येकाचा 'असं झालं की तसं' हा साचा असतो, आणि तो साचाच टिकाऊ. तुमचा ऑफिस–ट्रेक–घर हा नकाशा दरवर्षी तोच असेल, बघा.

चेस्ट_नंबर_नऊ

एसएसबीचा, म्हणजे सैन्यातले अधिकारी निवडणाऱ्या मंडळाचा, उल्लेख कसा नाही आला? मी संभाजीनगरच्या एसपीआयचा, म्हणजे त्याची तयारी करून घेणाऱ्या संस्थेचा. आमच्या आयुष्यात 'व्यक्तिमत्त्व मापन' म्हणजे ते पाच दिवस.

मानसशास्त्राच्या दिवशी हॉलमध्ये पडद्यावर धूसर चित्र येतं. तीस सेकंद बघायचं, चार मिनिटांत गोष्ट लिहायची. अशी अकरा चित्रं आणि बारावा पडदा कोरा, त्यावर तुमच्या मनातली गोष्ट. हाताला विचार करायला फुरसतच मिळत नाही. त्यानंतर ६० शब्द, प्रत्येकाला १५ सेकंद, सुचेल ते वाक्य. मग ६० प्रसंग अर्ध्या तासात. शेवटी आई, वडील, शिक्षक, मित्र तुमच्याबद्दल काय म्हणतात ते लिहा.

क्लासवाले सगळ्यांना एकच नायक शिकवतात. चित्रात काहीही असो, तो गावात रक्तदान शिबिर भरवतो, पूर आला की दोर टाकतो, संध्याकाळी व्हॉलीबॉल खेळतो. आमच्या बॅचला अर्ध्या पोरांच्या गोष्टीत धरण फुटलं होतं. मी शेवटच्या दिवशीच्या कॉन्फरन्सपर्यंत पोचून बाहेर पडलो, पण खरं सांगतो, जे निवडले गेले ते आम्हालाही तसेच वाटायचे. प्रश्न हा की गोष्टींवरून खरंच काही कळतं?

सुपारी_अडकित्ता

नऊ नंबर, फार छान लिहिलंत, धाग्याचं सोनं झालं.

चित्रांची कसोटी हार्वर्डच्या क्रिस्तियाना मॉर्गन आणि हेन्री मरे यांची, १९३५ ची. आपल्याकडे उमा चौधरी यांनी तिचं भारतीय रूप केलं. आणि तुमच्या पाच दिवसांचं मूळ ब्रिटिश सैन्याच्या १९४२ च्या निवड मंडळांत. त्याआधी अधिकारी म्हणजे चांगल्या शाळेतला, चांगल्या घरचा, असं एका मुलाखतीत ठरायचं. युद्धात ते पुरेना, तेव्हा मानसोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ बोलावले. नेता न नेमता गटाला काम द्यायचं आणि कोण कसा वागतो ते बघायचं, ही त्यांतल्या बियॉनची कल्पना. तुम्ही मैदानावर फळ्या आणि दोर घेऊन जे केलंत ते त्याच घराण्यातलं.

नुसत्या गोष्टींवर भिस्त ठेवायची तर मी साशंक आहे. दोन परीक्षक एकाच गोष्टीतून वेगळं वाचतात. रोर्शाकच्या दहा शाईच्या डागांवरही हाच आक्षेप, आणि गुणांकनाचे नियम एक्सनरनं १९७४ मध्ये बांधून दिल्यावरही वाद मिटला नाही. तरी एसएसबीची रचना मला प्रश्नावलीपेक्षा शहाणी वाटते. एक जण तुमचं लिहिलेलं वाचतो, दुसरा मैदानावर बघतो, तिसरा मुलाखत घेतो, आणि तिघं शेवटच्या दिवशी एकत्र बसतात. रक्तदान शिबिर भरवणारा नायक मैदानावर दुसऱ्याचा पाय फळीवरून घसरताना बघत उभा राहिला, तर गोष्टीचा उपयोग शून्य.

माळरान

वाखुसा (वाचनखूण साठवली). मी ग्रामीण भागात सर्वेक्षणाचं काम करते, त्यात एकदा पाच गुणांची छोटी प्रश्नावली होती. काय होतं सांगते. आजी ओट्यावर बसलेली, मी वाचून दाखवते, "मी नवीन माणसांशी पटकन बोलते." आजी, "व्हय." पुढचं, "मी अनोळखी माणसांत गप्प राहते." आजी, "व्हय." मी म्हटलं आजी दोन्ही कसं? तर म्हणे, "तू एवढ्या उन्हाची आलीस, तुला न्हाई कसं म्हनू?" तोवर सून दारातून, "त्यांना काय विचारता, मी सांगते ना कशा आहेत." आणि तिनं धडाधड सांगितलं. माझ्या मते सुनेचा फॉर्म जास्त बरोबर होता, पण नियमानं तो टाकून द्यावा लागला.

आकडेमोड

म्हणूनच निम्मी विधानं उलटी ठेवतात. दोन्हीला हो आलं की ती बेरीज मध्यावर येते, पण खरा माणूस काही हाती लागत नाही.

सुपारी_अडकित्ता

माळरानताई, तुमच्या आजीचा प्रश्न लहान नाही. बोलिव्हियात त्सिमाने नावाचा समाज आहे, शिकार आणि थोडी शेती करणारा. गुर्व्हेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तिथल्या ६३२ जणांना तोंडी प्रश्न विचारले. पाच गुण काही निघाले नाहीत. दोन मोठे गठ्ठे दिसले, एक माणसांत मिसळण्याचा आणि दुसरा कष्टाळूपणाचा. आता हे त्यांच्या जगण्यामुळे की 'व्हय' म्हणण्यामुळे, यावर वाद आहे. पण पाच गुण हे माणूस जातीचं सत्य म्हणून सांगताना त्यानंतर जीभ अडखळते.

आणि सुनेचा फॉर्म! सिमिन वझीर यांनी २०१० मध्ये नेमकं हेच तपासलं. काळजी, भीती असल्या आतल्या गोष्टी माणूस स्वतः जास्त बरोबर सांगतो. पण बुद्धी, कल्पकता यांसारख्या, जिथे स्वतःबद्दल चांगलं वाटून घ्यायचा मोह असतो, तिथे मित्रांचं मत जास्त बरोबर ठरतं. सुनेचं मत मित्रात धरायचं का, हे घराघरावर.

पढतमूर्ख

हे सगळं आपल्याकडे आधीच आहे, असं म्हणणार नाही, घाबरू नका. पण दासबोधाचा दुसरा दशक काढून बसा. मूर्खलक्षणं, उत्तमलक्षणं, मग रज, तम, सत्त्व असे तीन समास, आणि दहावा आमचा. त्रिगुणांवर कोणी कसोटी केली आहे का?

सुपारी_अडकित्ता

केल्या आहेत, त्यातली एक डेव्हिड वुल्फची १९९८ ची. अडचण अशी की सत्त्व वर आणि तम खाली हे सगळ्यांना ठाऊक असतं. प्रश्नावलीत स्वतःला तामसी कोण म्हणवून घेईल? तिथे हॅथवेची खोटं पकडायची पट्टीच लागेल.

मूर्खलक्षणांचं मात्र मला खरंच अप्रूप आहे. समर्थ "तो येक मूर्ख" म्हणताना गुणाचं नाव घेत नाहीत, कृती सांगतात. कोण काय करतो, कोणापुढे करतो. १९८३ साली बस आणि क्रेक यांनी वर्चस्व गाजवणारा माणूस काय काय करतो याच्या याद्या लोकांकडूनच करून घेतल्या आणि त्या कृती किती वेळा घडतात ते मोजायचं म्हटलं. पद्धत म्हणून दोन्ही एकाच वळणाच्या. फक्त समर्थांनी वारंवारता मोजली नाही, आणि ते बरंच झालं, आपले सगळ्यांचे आकडे भलतेच आले असते.

चिंचोके

उशिरा आलो, धागा वर काढतोय. भावाचा मुलगा दहावीत आहे. शाळेत एक जण येऊन गेले, बोटांच्या ठशांवरून मेंदूचा कल, शाखा, स्वभाव सगळं सांगतात. डीएमआयटी म्हणे. रिपोर्ट चाळीस पानी, त्यात मुलगा 'घुबड' निघाला. भाऊ म्हणतो वर्णन तंतोतंत जुळतं. पुढचं 'समुपदेशन पॅकेज' घ्यावं का?

आकडेमोड

घुबड? 🙂

सुपारी_अडकित्ता

चिंचोकेभाऊ, आधी 'तंतोतंत'चं बघू. १९४८ मध्ये बर्ट्रम फोररनं ३९ विद्यार्थ्यांची कसोटी घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचं वर्णन दिलं. किती जुळतं, पाचपैकी गुण द्या म्हणाला. सरासरी आली ४.२६. सगळ्यांना दिलेला मजकूर एकच होता, आणि त्यातला बराचसा ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. तेव्हा भावाला म्हणावं, शेजारच्या 'मोर' मुलाचा रिपोर्ट नाव झाकून वाच आणि तोही जुळतो का सांग.

ठशांचं शास्त्र खोटं नाही. बोटांवरच्या रेघा गर्भातच तयार होतात आणि डाउन सिंड्रोमसारख्या काही गुणसूत्रीय दोषांत त्यांची ठेवण वेगळी दिसते. तिथून उडी मारून अंगठ्यावरच्या भोवऱ्यावरून वाणिज्य शाखा काढायची, याला आधार नाही. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनेही तसं जाहीर सांगितलं आहे. वर्गात विश्वसनीयता आणि यथार्थता यांतला फरक शिकवायला मी हेच उदाहरण घेते. ठसे दहा वेळा घ्या, दहाही वेळा तेच येणार, विश्वसनीयता पैकीच्या पैकी. त्यातून मुलाबद्दल काय कळलं? काही नाही.

दहावीच्या मुलाला अभिक्षमता (कशात गती आहे) आणि आवडीनिवडीची चाचणी पुरे, तीही रीतसर शिकलेल्या समुपदेशकाकडून. स्वभावाच्या आकड्यावर या वयात फार विसंबू नका. रॉबर्ट्स आणि डेलव्हेकियो यांनी २००० साली बरेच दीर्घकालीन अभ्यास एकत्र केले. स्वभावाच्या आधीच्या आणि नंतरच्या मोजमापांचा सहसंबंध लहानपणी ०.३१, कॉलेजच्या वयात ०.५४ आणि पन्नाशीनंतर ०.७४ च्या आसपास आला. पोरगं अजून बदलायचं आहे.

कोणतीही कसोटी विकत घेताना तिचं मॅन्युअल मागा. मानकं, म्हणजे तुलनेचे आकडे, कुठल्या मुलांवर काढली, किती वयाच्या, कोणत्या भाषेत, आणि पुन्हा घेतल्यावर किती जुळली, हे त्यात असतं.

चिंचोके

भावानं फोन करून विचारलं. "मॅन्युअल कंपनीचं गोपनीय असतं, पण पॅकेजवर वीस टक्के सूट देतो" म्हणाले.

निवांत_नाना

आम्हालाही हेच उत्तर मिळायचं. सूट मात्र दहाच टक्के.